राख न उडवता फुंकर : एका शाळेच्या प्रकल्प नोंदी

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. यवतमाळ जिल्हा, राळेगाव तालुक्याची जंगलाकडची बाजू. पट 58, शिक्षक चार, खोल्या तीन आणि एक व्हरांडा. मी चौथी ते सातवीला शिकवते, तालुक्याहून अपडाऊन करते. मुलांच्या भावनिक आरोग्यासाठी श्वास, ऐकणं आणि आसनं यांचा सराव वर्षभर घेतला, त्याच्या वहीतून या नोंदी काढल्या आहेत, काही ठिकाणी काटछाट करून. मुलांची नावं वहीतही नव्हती. प्रत्येकाला एकेका झाडाचं नाव दिलं होतं, तेच इथं ठेवलंय.

21 जून 2024, शुक्रवार

योगदिन, आणि शाळा बंद. बाकी महाराष्ट्रात 15 तारखेलाच घंटा झाली, आपल्याकडे उन्हामुळे 1 जुलै. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2014 मध्ये ठराव केला आणि 2015 पासून हा दिवस पाळला जातो. ठराव करताना विदर्भाच्या जूनचा विचार कोण करणार! ग्रुपवर फोटो मात्र मागितले होते. सकाळी साडेसहाला पोहोचले. अकरा मुलं जमली, त्यातली दोघं बकऱ्या घेऊन. ताडासन, वृक्षासन, फोटो, बिस्किटाचा पुडा. साडेसातलाच फरशी तापायला लागली.

निघताना एका पोरीनं विचारलं, "मॅडम, उद्या बी हाय का?"

म्हटलं, उद्या नाही.

"मंग कवा?"

उत्तर नव्हतं. घरी येऊन ही वही काढली.

1 जुलै, सोमवार

प्रवेशोत्सव, फुगे, पुस्तकं. या आठवड्यात काहीही सुरू करायचं नाही, फक्त बघायचं असं ठरवलंय.

पहिलं लक्षात आलं ते परिपाठात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार झाल्यावर आपल्याकडे दोन मिनिटं मौन असतंच. मी बारा वर्षं ते घेत आले. आज पहिल्यांदा त्या दोन मिनिटांत मुलांकडे नीट पाहिलं. डोळे घट्ट मिटलेले, खांदे कानापर्यंत चढलेले, आणि सर छडी मागे धरून रांगेतून फिरताहेत. म्हणजे मौन म्हणजे "हलला तर बघ". शाळेत शांततेचा तास पूर्वीपासून आहे, फक्त तो पहाऱ्याखाली चालतो.

9 जुलै, मंगळवार

फुटाण्याचा तास.

मूळ सराव बेदाण्याचा आहे. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यानं बेजार झालेल्या रुग्णांसाठी सजगतेचा, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष द्यायचा, आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्यात एकच बेदाणा हातात घेऊन, बघून, हुंगून, सावकाश चावून खायचा असतो. आमच्या दुकानात बेदाणा किलोनं मिळत नाही, आणि मिळाला तरी तो शिऱ्यातच जातो. फुटाणे दहा रुपयांत वर्गभर पुरले.

प्रत्येकाच्या तळहातावर एक फुटाणा. "खायचा नाही. आधी बघा."

पहिल्या दहा सेकंदांत चार फुटाणे गायब. त्यांना दुसरा दिला. मग मुलं बोलायला लागली. याले शेंडी हाय. याचं टरफल उकललं, आत पिवळा हाय. कानाशी चोळला त कुरकुर करते. मोहनं (पाचवी, कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, पोडावरून येते) तो गालाला लावला आणि सांगितलं, गरम हाय. खरंच होता. पिशवी खिडकीतल्या उन्हात ठेवली होती, मलाही कळलं नव्हतं.

बोर (सहावी, एका जागी दोन मिनिटं बसल्याचं कोणी पाहिलेलं नाही) म्हणाला, "एका फुटाण्यानं का होते मॅडम? उलीसाक बी पोट नाही भरत."

सगळे हसले. मीही हसले. नंतर विचारलं, सकाळी काय खाल्लं? पंचवीसपैकी नऊ जण काही न खाता आले होते. आई-बाप सातलाच निंदणाला गेलेले.

तेव्हा सकाळचा सराव रद्द. उपाशी पोराला खाण्याकडे "लक्ष" द्यायला लावणं म्हणजे थट्टा. वेळ आता मधल्या सुट्टीनंतर, खिचडी जिरायला अर्धा तास देऊन. भरल्या पोटी आसनं नाहीत, फक्त श्वास आणि ऐकणं. आसनं शनिवारी, सकाळच्या शाळेत, आणि त्या दिवशी आधी केळी. मुख्याध्यापकांनी स्वतः केळी आणायचं कबूल केलंय.

18 जुलै, गुरुवार

श्वास शिकवणं वाटलं तेवढं सोपं नाही. "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की मुलं छाती फुगवतात, पोट आत ओढतात आणि नाकानं फर्र आवाज काढतात. दोघांनी टीव्हीवर पाहिलेली कपालभाती सुरू केली. थांबवली. श्वास जोरानं झटकणं आणि रोखून धरणं, दोन्ही लहान मुलांना नको, असं मी पहिल्यापासून ठरवलंय.

त्यांना "सोडण्यावर" आणायचं होतं. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि आत येताना वाढतात. हे व्हेगस मज्जातंतूचं काम. म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांबलं की शरीर आपोआप उतरणीला लागतं. हे चौथीच्या पोरांना कसं सांगू?

फुंकणी आठवली. गॅस बहुतेक घरांत आहे, पण सिलिंडर जपून वापरतात. पाणी तापवायला अजून चूलच. घरून कोण फुंकणी आणतं विचारलं तर दुसऱ्या दिवशी सहा फुंकण्या आल्या. एक पितळी, बाकी लोखंडी नळीच्या. ताटलीत चुलीची राख ठेवली. नियम एकच : फुंकर घालायची, पण राख उडता कामा नये.

जोरात फुंकली की राख डोळ्यांत. फारच हळू फुंकली की आत काही पोचतच नाही. मधली एक फुंकर असते, लांब, सारखी, न तुटणारी. ती घालताना मुलांच्या नकळत पोट आत जातं, खांदे उतरतात. बाभूळनं (सातवी) सांगितलं, "मायी आजी अशीच फुंकते. तिले जाळ नाई लागत, निखारा लागते."

मग फुंकण्या बाजूला ठेवल्या आणि ओठांचा चंबू करून तेच केलं. तीन मोजत घ्यायचं, पाच मोजत राखेवर सोडायचं. पाच वेळा. पूर्ण मिनिटसुद्धा लागत नाही. मुलांनी नाव ठेवलं : राखेची फुंकर.

2 ऑगस्ट, शुक्रवार

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा, कडुनिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला. किती वर्षांचा कोण जाणे. आजचा खेळ : एक टोला पडेल, डोळे मिटा किंवा जमिनीकडे बघा, आवाज पूर्ण संपला असं वाटेल तेव्हा हात वर.

टोला द्यायला बोरला उभं केलं. त्याला बसायचंच नव्हतं, तेव्हा दोघांचीही सोय झाली. त्यानं हातोडी घेतली, रूळ हातानं स्थिर केला (हे मी सांगितलं नव्हतं), थांबला आणि एकच मारली.

हात वर यायला लागले. दहा-बारा सेकंदांत वर्गाचा आवाज संपला. मी वीसपर्यंत मोजलं आणि माझाही संपला. बोर अजून कान टेकवून उभा. चेहरा असा की त्याला कोणी काही सांगतंय. बऱ्याच वेळानं मागे सरकला. "आता संपला."

पोरं ओरडली, लबाड हाय. मी जाऊन कान लावला, त्याला पुन्हा मारायला सांगितलं. रुळाला जवळजवळ चिकटून ऐकलं तर ठोक्याच्या खाली एक बारीक गुणगुण असते, ती किती तरी वेळ उरते. खरं होतं त्याचं. मग सगळ्यांनी रांग लावून कान लावला.

सहा वर्षांत या पोराच्या प्रगतिपुस्तकात "लक्ष देत नाही" हे वाक्य मी स्वतः तीनदा लिहिलंय.

14 ऑगस्ट, बुधवार

आजची नोंद लिहायला जीव होत नाही.

उद्याच्या कवायतीच्या सरावानंतर मुलं थकली होती म्हणून शवासन घेतलं. सतरंज्या, पंखा बंद, बाहेर पाऊस. मी म्हणत होते, "डोळे मिटा, पाय जड झाले, हात जड झाले". पुस्तकात असतं तसं. सागवान (सातवी) एकदम उठला आणि भिंतीला पाठ लावून बसला. अंग थरथरत होतं. मी जवळ गेले तर ढकललं आणि बाहेर पळाला. पावसात, गेटबाहेर. सर सायकलनं मागे गेले तेव्हा नाल्याच्या पुलावर सापडला.

कारण नंतर त्याच्या आजोबांकडून कळलं. ते इथं लिहिणार नाही. एवढंच की डोळे मिटून, आडवं पडून, कोणी वरून "हलू नको" म्हणणं हे प्रत्येकासाठी विश्रांती नसतं.

चूक माझी. बदल आजपासून :

डोळे मिटायची सक्ती नाही. भिंतीवरची एक खूण, स्वतःचे पाय, खिडकीतलं झाड, काहीही चालेल. आडवं पडायची सक्ती नाही. दाराजवळची जागा ज्याला हवी त्याची, न विचारता उठून जाता येईल, फक्त व्हरांड्यापर्यंत. मी उभी राहून सूचना देणार नाही, मुलांच्या पातळीवर बसणार. अंगाला हात लावून आसन "दुरुस्त" करायचं नाही. या शेवटच्या मुद्द्यावर सरांशी थोडं वाजलं. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. 1914 पासूनची ती परंपरा, पाठीचा कणा सरळ म्हणजे सरळ. त्यांचं आसनांचं ज्ञान माझ्यापेक्षा दसपट आहे. शेवटी ते म्हणाले, "बरं, मी करून दाखवीन, हात लावणार नाही."

सागवानाला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं आजोबांनी कबूल केलंय. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 आणि मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 हे दोन्ही क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे रंगवून घेतले. फुंकर आणि फुटाणे यांची धाव कुठपर्यंत आहे ते आज कळलं.

4 सप्टेंबर, बुधवार

काल तान्हा पोळा. निम्मी मुलं अजून लाकडी बैल घेऊनच शाळेत. शनिवारच्या आसनांना मुलांनीच नवी नावं दिली : मार्जारासनाला "बैल उठला", बालासनाला "बैल बसला". राहू दिली.

मुलींचा एक प्रश्न : स्कर्टवर पाय वर करायची आसनं नकोत. सहावी-सातवीच्या मुली दर शनिवारी मागे सरकत होत्या आणि मला वाटत होतं, आळस. बाभूळनं कानात सांगितलं तेव्हा कळलं. शनिवारी सलवार किंवा लेगिंग चालेल. पाळीच्या दिवसांत नुसतं बसलं तरी चालेल, कारण विचारलं जाणार नाही.

13 सप्टेंबर, शुक्रवार

पालक सभा. चौतीस जण आले, त्यात बायकाच जास्त.

एका वडिलांचा प्रश्न सरळ होता : "मॅडम, हे योगा म्हणजे कोणाचं? पोरीले ओम म्हणाले लावता का?" घर बौद्ध आहे. मी सांगितलं, कुठलाही मंत्र नाही, सूर्याला नमस्कार नाही, फक्त श्वास आणि शरीर. ते म्हणाले, "मंग ठीक. विहारात आम्ही आनापान करतोच." शासनाचा मित्रा उपक्रम काही शाळांत आनापानचाच, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देण्याचाच आहे, तेही त्यांना माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त.

मागून गुरुदेव सेवा मंडळाचे एक बापूजी उठले. पांढरं धोतर, भगवी टोपी. गावात रोज सांजेला सामुदायिक प्रार्थना आणि पहाटे सामुदायिक ध्यान त्यांच्यामुळेच टिकून आहे. तुकडोजी महाराजांना जाऊन पंचावन्न वर्षं उलटली, पण त्यांच्या मोझरीच्या आश्रमातून लागलेली ही शिस्त गावोगाव अजून दिसते. बापूजी म्हणाले, "पोट्ट्याइले आम्ही पन्नास वर्सांपासून बसवतो. बसत नाही. तुमच्या जवळ बसतात म्हंते. काऊन?"

मी म्हटलं, आमच्याजवळही बसत नाहीत, म्हणून आम्ही घंटा वाजवायला लावतो.

त्यांना ते फारसं पटलं नाही. पण एकाच गावात एका टोकाला विहारातली बैठक आणि दुसऱ्या टोकाला मंडळाची प्रार्थना असताना मी परदेशी पुस्तकांची छापील पानं घेऊन बसले होते, याची जरा लाज वाटली.

27 सप्टेंबर, शुक्रवार

मधल्या सुट्टीत दोन पोरांचं लागलं. मी दुरून ऐकलं, तिसरा म्हणतो, "आबे थांबा, नाई त मॅडम फुंकर घालाले लावते!"

महिनाभर मी नेमकं तेच करत होते. भांडण झालं, आवाज वाढला की "चला, पाच फुंकरा". म्हणजे उठाबशांच्या जागी फुंकर. छडी गेली, तिच्या जागी श्वास आला.

ठरवलं : भांडणाच्या वेळी कोणालाही श्वास घ्यायला सांगायचं नाही. आपला आपण घ्यायचा. मोठ्यानं, त्यांना दिसेल असा. आज दुपारी करून पाहिलं. ओरडायच्या ऐवजी मी टेबलाशी उभी राहून फुंकर घातली. मला शांत व्हायला तीन लागल्या. वर्गाला काही फरक पडला नाही, पण निदान मी ओरडले नाही.

10 ऑक्टोबर, गुरुवार

जागतिक मानसिक आरोग्य दिन. वरून आलेल्या सूचनेप्रमाणे घोषवाक्यं, फेरी, फोटो.

आमचं खरं काम होतं डब्याचं. दोन महिन्यांपूर्वी मी चेहऱ्यांचा तक्ता लावला होता : आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. मुलं रोज एकेकाखाली खूण करत. सगळे "आनंदी". तपासणीच्या दिवशी सगळ्यांच्या वह्या पूर्ण असतात, तसं. म्हणून तक्ता काढला आणि खडूचा रिकामा डबा ठेवला. आज कसं वाटलं ते घरच्या बोलीत लिहून टाकायचं, नाव नको. आज डबा उघडला. निवडक :

पोटात कालवते.
डोक्शात मुंग्या आल्या.
लय मजा आली, नाल्यात खेकडा भेटला.
जीव उलीसा होते.
कायचंच मन नाई.
करमत नाई, दादा पुण्याले गेला.
रातच्याले भेव लागते.
राग आला पण कोणाचा आला मालूम नाई.

"राग आला पण कोणाचा आला मालूम नाई" हे वाचून मी बराच वेळ चिठ्ठी हातात धरून बसले. मोहनं आणि तिच्या भावानं कोलामीतले शब्द सांगितले. देवनागरीत कसे लिहायचे यावर त्यांचंच भांडण झालं. सगळे शब्द मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावले. "दुःखी" हा शब्द एकाही चिठ्ठीत नव्हता.

6 नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीच्या सुट्ट्या. घरी सोयाबीन विकून झालं. यंदाचा हमीभाव क्विंटलला 4892, हातात आले त्याहून कितीतरी कमी. सासरे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. गावातही घरोघरी हेच असणार, आणि सुट्टीनंतर ते सगळं दप्तरातून वर्गात येणार.

सुट्टीत ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल वाचलं. मिरियाड नाव. 11 ते 14 वयाची आठ हजारांवर मुलं, अर्ध्या शाळांत सजगतेचा अभ्यासक्रम, बाकीच्यांत नेहमीचं शिक्षण. 2022 मध्ये निष्कर्ष आले : मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्यापेक्षा काही जास्तीचा फायदा नाही. आधीच त्रासात असलेल्या मुलांबाबत तर सावध राहा. घरी सराव बहुतेकांनी केलाच नव्हता.

पहिल्यांदा वही बंद करावीशी वाटली. मग पुढचं वाचलं : शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला होता.

हे टोचलं, कारण खरं आहे. जुलैपासून माझं डोकं दुखणं कमी झालंय, मी कमी ओरडते, वर्ग शांत असला की मला बरं वाटतं. मी "मुलांचा" प्रकल्प म्हणून जे मोजतेय त्यातलं किती माझंच आहे? दिल्लीत 2018 मध्ये सरकारी शाळांत आनंदाचा तास सुरू झाला, रोजचा. तिथल्या एखाद्या शिक्षिकेला हा प्रश्न पडत असेल का?

वही चालू ठेवतेय. पण "वर्ग शांत होता" हे वाक्य यापुढे यश म्हणून लिहायचं नाही.

21 नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान, आमची शाळाच केंद्र. तीन दिवस सराव नाही. भिंतीवरचा शब्दांचा कागद कोणीतरी काढून गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. परत लावला. "डोक्शात मुंग्या"च्या जागी फाटला.

12 डिसेंबर, गुरुवार

पळसबद्दल आतापर्यंत वहीत फारसं काही नाही. याचंच आज नवल वाटतं. पाचवीतली मुलगी, कधी तक्रार नाही. ऐकण्याच्या सरावात सगळ्यात स्थिर बसते, पाठ ताठ, चेहरा निवांत. केंद्रातून पाहणीला आलेल्यांना मी हिलाच दाखवलं होतं : "बघा, कशी बसते." तिचा फोटो ग्रुपवर गेला, त्याला चाळीस अंगठे आले.

आज घंटा संपली, सगळ्यांचे हात वर, हिचा नाही. वाटलं, बोरसारखं ऐकतेय. दोन मिनिटं झाली. जवळ गेले. पळस बसल्या बसल्या गाढ झोपली होती.

मुलं हसायला लागली. बोर म्हणाला, "झोपू द्या ना मॅडम." मी सतरंजी अंथरली, तिला आडवं केलं. ती जागी झाली नाही. शाळा सुटेपर्यंत झोपली, अडीच तास. मी गणित व्हरांड्यात घेतलं.

14 डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर पळसच्या घरी गेले. अंगणात ओली पऱ्हाटी, ओसरीत कापसाचा ढीग. आजीनं चहा टाकला. वडील वावरात.

गोष्ट अशी. हरभरा, गहू पेरलाय. शेतीची लाईन पाळीपाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत वडील अकराला ओलिताला जातात, तीन-चारला येतात. वावर जंगलाला लागून. 2018 च्या नोव्हेंबरात बोराटीच्या जंगलात नरभक्षक ठरवलेली टी-1 वाघीण गोळी घालून मारली गेली तेव्हा पळस शाळेतही जात नव्हती. पण त्या दोन वर्षांच्या गोष्टी घरोघरी आहेत, आणि आता बिबट दिसल्याचं दर पंधरवड्याला कोणीतरी सांगतंच.

"बाबा गेले का मी जागी रायते," ती म्हणाली. "कवाडाचा आवाज आला का मंग झोपतो."

मी विचारलं, भीती वाटते तेव्हा काय करतेस?

"फुंकर घालतो. तुमी शिकवली ते."

"मग?"

"मंग बी बाबा वावरातच रायते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजीनं माझ्याकडे पाहिलं आणि चहात साखर कमी झाली का विचारलं.

वडील आल्यावर बोललो. मोठा माणूस, हाताला पाण्यानं सुरकुत्या पडलेल्या. पोर जागी असते हे त्यांना माहीतच नव्हतं. "मी आलो का ते झोपेलच दिसते." काय करता येईल ते त्यांनीच सांगितलं : वावरात पोचलो की एक मिस्ड कॉल, मोटर सुरू केली की एक, निघालो की एक. आजीचा साधा फोन पळसच्या उशाशी. शेजारच्या वावरवाल्यासोबत पाळी जुळवून दोघं मिळून जायचं, असंही म्हणाले. बघू.

8 जानेवारी 2025, बुधवार

मिस्ड कॉल चालू आहेत. पळस सांगते, दुसऱ्या कॉलनंतर झोप लागते, तिसरा सकाळी फोनमध्ये बघते. लाईनची रात्रपाळी काही बदलली नाही. दिवसा वीज द्या असा अर्ज गावकऱ्यांनी दिलाय. मी त्यावर पालक म्हणून सही करू शकत नाही, मसुदा मात्र लिहून दिला. मुलांच्या भावनिक आरोग्याच्या प्रकल्पात विजेच्या वेळापत्रकाचा अर्ज हे कुठल्या रकान्यात बसवायचं ते ठरलं नाही.

वर्गातले बाकीचे "शांत" आता एकेक करून बघतेय. सहा जण निघाले. दोघांना फळा दिसत नाही, चष्म्याचा प्रश्न. एकाला ऐकू कमी येतं, म्हणून घंटा नेहमी सगळ्यात आधी संपायची. तिघं रात्री कापूस राखायला ढिगावर झोपतात. आरोग्य पथक येईल तेव्हा पहिल्या तिघांना दाखवायचं.

13 फेब्रुवारी, गुरुवार

सागवान परत बसायला लागलाय, दाराजवळ, डोळे उघडे. औषध आणि भेटी दोन्ही चालू आहेत. फुंकर तो घालत नाही. त्याला फुंकणी साफ करायला आवडतं, तार घालून, चिंच लावून. पितळी फुंकणी इतकी चकाकते की ज्या घरची आहे तिथली आजी ओळखत नव्हती. करू दे.

सरांनी परिपाठातल्या मौनात फिरणं बंद केलंय. मी काही बोलले नव्हते. एक दिवस तेच रांगेच्या शेवटी उभे राहिले, छडी ऑफिसात ठेवून. पहिली-दुसरीची पोरं हलतात, खाजवतात, एक जण रोज शिंकतो.

29 मार्च, शनिवार

उद्या पाडवा. गहू निघाला, ओलीत संपलं. पळसचे वडील रात्री घरी असतात.

आज केळी, मग आसनं, मग घंटा. टोला बोरनं दिला. त्यानं तिसरीतल्या एका पोराला हाताशी घेतलंय, रूळ कसा धरायचा ते दाखवत होता, "हाले देऊ नोको, मंग मार." आवाज संपायच्या आत मागून खुसखुस. वळून पाहिलं तर पळस बाभूळच्या कानात काहीतरी सांगतेय, दोघी तोंडावर हात धरून हसताहेत. म्हटलं, गप बस बेटा. बसली. पुन्हा सुरू. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं मोहलाही ओढलं आणि मग अख्खी रांग हसायला लागली. बोर चिडून म्हणाला, "मॅडम, हे पोट्टी ऐकूच देत नाई!"

तिसऱ्यांदा मी काही म्हटलं नाही. वर्ग दहा मिनिटं आधी सोडला.